एक फुटाच्या टाकीतले दगड आणि पाण्याची वाट

खाडीच्या गाळात ऑक्सिजन किती खोल उतरतो, यावर माझं पीएचडीचं काम चालू आहे. हे वाक्य मी नातेवाइकांत शंभरदा तरी बोलले असेन, आणि शंभर वेळा समोरच्याने 'हं' म्हणून चहाचा कप उचलला आहे. या जूनमध्ये त्या कामाचा घरातल्या कुणाला तरी पहिल्यांदा उपयोग झाला. तोही माशांच्या टाकीसाठी!

माझा मामेभाऊ वैतरणा स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहतो. डहाणू लोकल पकडून बोईसरला उतरायचं आणि तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करायची, हा त्याचा दिनक्रम. घरात जागा कमी, म्हणून त्याने हौसेची खाऱ्या पाण्याची टाकी पॅसेजमध्ये ठेवली. चार फूट लांब, दीड फूट उंच आणि रुंदीला फक्त एक फूट. टाकीत क्लाउनफिशची जोडी, शंखात राहणारा एक खेकडा, आणि मागच्या काचेला टेकवून रचलेली दगडांची सुंदर भिंत. समोरून बघितलं की अगदी कॅलेंडरचं चित्र.

पहिल्या पावसात रात्री अकराला लाईट गेली ती सकाळी सहाला आली. सातला त्याचा फोन. "ताई, दोन्ही गेले. खेकडा मात्र सगळ्यात वरच्या दगडावर चढून बसलाय. रात्रभर पंप बंद होता म्हणून ना?"

मीही तेव्हा 'हो' म्हणाले. ते उत्तर अर्धंच होतं. रविवारी जाऊन पाणी उपसलं आणि मागचे दगड उचलले, तर खाली बोटभर काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास. हा वास माझ्या ओळखीचा आहे, खाडीवरून घरी आले की आई मला आधी आंघोळीला पाठवते ती याच वासामुळे. हायड्रोजन सल्फाइड. जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे राहणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि हा वायू सोडतात. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की काळा रंग येतो. म्हणजे लाईट जायच्या कित्येक आठवडे आधीपासून भिंतीमागे टाकी मेलेलीच होती. लाईट गेली ते फक्त निमित्त.

आता हे समजून घ्यायला थोडा हिशोब करू. घाबरू नका, फार नाही.

पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २७ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसहा मिलिग्रॅम, म्हणजे तितक्याच हवेत असतो त्याच्या सुमारे चाळीसावा हिस्सा. भावाच्या टाकीत दगड नसते तर १४० लिटर पाणी बसलं असतं. गुणाकार करा, अख्ख्या टाकीत मिळून एक ग्रॅमसुद्धा ऑक्सिजन नाही! मासे, जिवाणू, उरलेलं खाणं आणि तो काळा गाळ, सगळे त्याच एका ग्रॅमचे वाटेकरी. पंप चालू असताना पाण्याचा पृष्ठभाग हलत राहतो आणि हवेतून भरपाई होत राहते. पंप थांबला की खर्च तोच, जमा जवळजवळ बंद.

दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा, आणि माझ्या प्रबंधाचं अर्धं प्रकरण त्यावरच उभं आहे. पाणी अजिबात हलत नसेल तर ऑक्सिजनचे रेणू फक्त आपापल्या धडपडीने, इकडेतिकडे आपटत पुढे सरकतात. याला विसरण म्हणतात. विसरणाची गंमत अशी की अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. एक मिलिमीटर जायला सुमारे चार मिनिटं. एक सेंटीमीटर जायला सात तास. दहा सेंटीमीटर जायला जवळजवळ महिना. म्हणजे दगडाच्या मागे चार बोटांची पोकळी असेल आणि तिथलं पाणी हलत नसेल, तर तिच्या तळाशी ऑक्सिजन वेळेवर पोचण्याचा प्रश्नच येत नाही. वाटेतच कुणीतरी तो खाऊन टाकतं.

उलट पाणी वाहत असेल तर? भावाच्या पंपावर ताशी ३,००० लिटर लिहिलेलं आहे. आकडा दांडगा वाटतो. पण टाकीचा आडवा छेद घेतला तर तो २८ गुणिले ४० सेंटीमीटर, म्हणजे ११२० चौरस सेंटीमीटर. पंपाचं पाणी त्या सगळ्या छेदातून सारखं वाहिलं असं धरलं तर वेग निघतो सेकंदाला पाऊण सेंटीमीटर. (प्रत्यक्षात पंपाचा झोत आजूबाजूचं पाणीही ओढून घेतो, त्यामुळे झोताजवळ वेग बराच जास्त आणि कोपऱ्यात जवळजवळ शून्य.) पाऊण सेंटीमीटर म्हणजे मुंगीची चाल. तरीसुद्धा जे अंतर कापायला विसरणाला सात तास लागतात, ते या मुंगीच्या चालीने दीड सेकंदाच्या आत कापलं जातं.

सात तास आणि दीड सेकंद. टाकीत दगड मांडायचे म्हणजे कुठली जागा पहिल्या खात्यात जाईल आणि कुठली दुसऱ्या, एवढंच आपण ठरवत असतो.

मग दगड हवेत तरी कशाला? नुसती काच आणि पाणी ठेवावं की. तर दगड ही टाकीची गाळणी आहे. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दोघांनाही ऑक्सिजन लागतो आणि बसायला पृष्ठभाग लागतो, तो दगड देतो. दगडाच्या आतल्या बारीक छिद्रांत, जिथे ऑक्सिजन संपत येतो, तिथे तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटमधला नायट्रोजन मोकळा करतात आणि तो हवेत निघून जातो. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहिलं, की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर आपली टाकी चालते. पुढे जर्मनीत याच विचारावर 'बर्लिन पद्धत' उभी राहिली. आज हौशी लोक दगडांवर एवढा खर्च करतात त्याचं मूळ तिथे आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण मीही आधी गोंधळले होते. दगडाच्या आत मिलिमीटरभर खोलीवर ऑक्सिजन कमी असणं कामाचं. दगडाच्या मागे ओंजळभर गाळ साठून तिथे तो नसणं घातक. आतल्या छिद्राला बाहेरून वाहतं पाणी मिळतं, दोन्हीकडची देवाणघेवाण चालू राहते. मागच्या गाळाला कुणी विचारत नाही.

रुंद टाकीत हे सगळं निभावून जातं. चुकलंमाकलं तरी पाण्याला वळसा घालायला जागा असते. एक फुटाच्या टाकीत मात्र गणित कडक आहे. बाहेरून ३० सेंटीमीटर. दोन्ही बाजूंची आठ-आठ मिलिमीटरची काच वजा केली की २८.४. समोरची काच पुसायला चुंबकाचा ब्रश फिरला पाहिजे आणि मोठ्या माशाला वळता आलं पाहिजे, म्हणून पुढे चार बोटं, धरा सात सेंटीमीटर. मागे गाळ साठू नये आणि नळीने तो ओढता यावा म्हणून तीन बोटं, साडेपाच. उरले १६ सेंटीमीटर. वीतभरही नाही! एवढ्यात डोंगर उभा करायचा मोह होतो, आणि डोंगराला पायथा हवा म्हणून आपण ती मागची तीन बोटं खाऊन टाकतो. दुकानातल्या माणसाने नेमकं हेच केलं होतं. त्याला दोष तरी काय द्यायचा, टाकीकडे आपण सगळेच काचेपलीकडचं चित्र म्हणून बघतो. लहानपणी मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात (१९५१चं ते, आणि हो, तारापोरवाला हे आडनाव आपल्या तारापूरचंच) काचेला नाक लावून उभी राहिले तेव्हा मागच्या बाजूला काय असेल हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता.

रिकामी टाकी बघून भावाच्या डोक्यात नवीन कल्पना आली. डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीला काळा कातळ उघडा पडतो, तिथून चार छान दगड छिन्नीने काढून आणू. फुकट, आणि वर 'जिवंत' सुद्धा. मी त्याला अडवलं, आणि तुम्हालाही अडवते.

आपल्या किनाऱ्याचा कातळ बेसाल्टचा. घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि आतून बंद. त्यात कधी कधी वायूच्या पोकळ्या दिसतात, पण त्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या नसतात, पुष्कळदा खनिजांनी भरलेल्याही असतात. म्हणजे गाळणी म्हणून फक्त वरचा पृष्ठभाग कामाचा. शिवाय वजन. पाण्यात बुडाल्यावरही बेसाल्टचं सुमारे दोन तृतीयांश वजन शिल्लक राहतं. अरुंद टाकीत असा दगड कलंडला तर दुसरीकडे पडायला जागाच नाही, तो थेट काचेवर.

त्याहून मोठं कारण जिवांचं. या कातळावर पॅलिथोआ आणि झोअँथस नावाचे, बटणांच्या गालिच्यासारखे दिसणारे जीव असतात. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. घरी आणलेला दगड 'निर्जंतुक करू' म्हणून लोक उकळत्या पाण्यात टाकतात, वाफ घरभर पसरते आणि सगळं कुटुंब दवाखान्यात. परदेशांत असे प्रकार नोंदले गेले आहेत. तेव्हा समुद्रातला दगड कधीही उकळू नका, कोरडा घासूही नका. तिसरं, कायदा. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्याकडे कुठलं आलंय प्रवाळ असं वाटत असेल तर मुंबईचा कोस्टल रोड बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये परवानगी काढून हलवाव्या लागल्या, हे आठवा. रुपयाएवढी वसाहत दगडावर चिकटलेली असते, सवय नसलेल्या डोळ्याला ती दिसतही नाही.

भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "बरं, मग दगड कुठून आणू? दुकानातल्यांत परत पैसे घालायचे नाहीत मला."

दगड आम्ही केले. किनाऱ्याकडच्या एका ओळखीच्या घरामागे कालवांच्या रिकाम्या शिंपांचा ढीग पडलेला होता, त्यांनी तो आनंदाने दिला. शिंपा धुऊन, वाळवून, कुटून दोन भाग, सिमेंट एक भाग, जाडं मीठ एक भाग, आणि जेमतेम ओलं होईल इतकंच पाणी. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात हे मिश्रण हाताने वेडंवाकडं थापलं. गुळगुळीत करायचं नाही. दोन-तीन दिवसांनी काढून पाण्यात टाकलं की मीठ विरघळतं आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. अडचण एकच, नव्या सिमेंटमधला चुना पाण्याचा पीएच बाराच्या आसपास नेतो, त्यात काही जगत नाही. हा चुना निघून जायला आठवडे लागतात आणि पाणी सतत बदलावं लागतं. मामीने उपाय सुचवला. जुलै-ऑगस्टभर सगळे दगड पागोळीखाली ओळीने मांडून ठेवले! वैतरण्याच्या पावसाने आमचं काम फुकट केलं. अधूनमधून एक दगड बादलीत दोन दिवस बुडवून ठेवायचा आणि पीएच बघायचा. साडेआठच्या खाली टिकायला लागला तेव्हा तयार समजले.

मांडणी करायच्या आधी मी त्याला आणि भाचीला डहाणूला घेऊन गेले, या वेळी छिन्नीशिवाय. आमच्या किनाऱ्याला उधाणाची ओहोटी असली की पाणी खूप लांब जातं आणि कातळ मोकळा होतो. भाचीला सांगितलं, गाळ कुठे बसलाय आणि जीव कुठे बसलेत, एवढंच बघत चल. दहा मिनिटांत तिनेच सांगितलं, दोन दगडांमधून जिथे पाणी धावतं त्या फटीच्या भिंतींवर कालवं आणि बार्नेकल दाटीने, आणि मोठ्या दगडाच्या जमिनीकडच्या बाजूला चिखल. नुसत्या काठ्यांसारख्या उभ्या दगडामागे चिखल कमी, रुंद भिंतीसारख्या दगडामागे जास्त. तिथे पाणी भरतीला एकीकडून येतं, ओहोटीला दुसरीकडून जातं, आणि वर लाटा आहेतच. त्यामुळे एकच बाजू कायमची आडोशाला राहत नाही. टाकीत पंप वर्षभर एकाच दिशेने फुंकतो. तारापूरच्या अणुवीज केंद्राचा १९६९ पासून समुद्राच्या पाण्याशी संबंध आहे, यंत्रं थंड करायला तेच पाणी लागतं. अशा सगळ्याच प्रकल्पांना एक काळजी असते, की पाणी कुठे मंदावतं आणि तिथे काय साठतं, काय चिकटतं. भाऊ म्हणाला, आमच्या प्लांटच्या पाइपलाइनलाही तेच. मग मला त्याला पुढचं फार समजावावं लागलं नाही.

गणपती झाल्यावर टाकीत नळाचं पाणी भरलं, मासे नाहीत, मीठ नाही, नुसते दगड आणि पंप. इंजेक्शनच्या सिरिंजला लांब नळी लावली आणि मामीच्या डब्यातला जिलेबीचा केशरी रंग पाण्यात कालवून एकेका दगडामागे दोन-दोन थेंब सोडले. रंग लगेच पसरून गेला तर ती जागा दीड सेकंदवाली. रंग ढगासारखा तिथेच लोंबकळत राहिला तर सात तासवाली. एवढी साधी चाचणी आहे, आणि प्रयोगशाळेत आम्ही बऱ्याच महागड्या रीतीने हेच करतो.

पहिली मांडणी आम्हाला फार आवडली होती, मधोमध एक मोठी टेकडी. रंगाने तिला नापास केलं. झोत टेकडीवर आपटून वर उचलला जायचा आणि पृष्ठभागावरूनच परत फिरायचा, पलीकडची अर्धी टाकी थंड. मग टेकडी फोडून दोन बेटं केली, एक मोठं, एक छोटं, मध्ये वीतभर मोकळी जागा. थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो दगड उचलल्यावर. मोठ्या बेटाला तळाशी पसरट दगड न देता तीन छोट्या पायांवर उभं केलं, खालून हात जाईल अशी कमान ठेवली. त्याबरोबर तळालगतचं पाणी सरळ आरपार जायला लागलं आणि मागच्या कोपऱ्यातला रंग निघाला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, अरुंद टाकीत दगड बसवू नये, उभा करावा. रुंदीत जागा नाही, उंचीत आणि लांबीत आहे. दगड कमी लागतात, याची मात्र तयारी ठेवा. आमच्या ढिगातला निम्मा माल अजून मागच्या अंगणात आहे.

पाय काचेवर टेकवायचे, वाळूवर नाही. खाली प्लास्टिकची पातळ जाळी आणि मग भोवतीने वाळू, दोन-तीन सेंटीमीटरच. वाळूवर दगड ठेवला आणि उद्या बिळं करणारा गोबी मासा किंवा कोळंबी आणली, तर ती खालची वाळू उपसते आणि बेट रात्रीत खाली येतं. सांधे दोन भागांच्या इपॉक्सी पुटीने जोडले, आणि पाणी भरायच्या आधी प्रत्येक बेट हाताने चांगलं हलवून पाहिलं. हललं तर परत. यात भिडस्तपणा करू नका.

पंपही एकाऐवजी दोन केले, दोन टोकांना, टायमरवर आळीपाळीने. सहा तास हा, सहा तास तो. भरती-ओहोटीची नक्कल म्हणा. रंगाची चाचणी दोन्ही दिशांनी परत केली, कारण एका दिशेने उत्तीर्ण झालेली मांडणी दुसऱ्या दिशेने नापास होऊ शकते. आमची झालीच, छोटं बेट तेरेदिस फिरवून ठेवावं लागलं. आणि बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा. हे सगळं वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. चांगल्या मांडणीने त्या एका ग्रॅमचा खर्च कमी होतो, भरपाई करायला कुणीतरी जागं लागतंच.

पाणी बदललं, मीठ घातलं, खेकडा परत सोडला. जिवाणू दगडावर स्थिरावेपर्यंत महिना-सव्वा महिना थांबलो, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत भाचीने वहीत रोज आकडे लिहिले. मासे या वेळी समुद्रातून पकडलेले नको, पैदास केलेलेच हवेत, असं ठरवलं होतं. क्लाउनफिशची पैदास आता आपल्याकडे चांगली होते, ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनने त्यासाठी केंद्रच उभं केलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत जोडी आली. प्रवाळ टाकीत नाहीत आणि आणायचेही नाहीत, पण दगडांवर गुलाबी चुनखडी शेवाळाचे पहिले ठिपके दिसायला लागलेत.

एक कोपरा अजून ऐकत नाही. डावीकडे मागे, छोट्या बेटाच्या सावलीत, आठवड्याला चमचाभर गाळ जमतोच. भाची तो पिचकारीने उडवते आणि नळीने ओढून घेते. माझं म्हणणं बेट दोन बोटं पुढे घ्यावं, भावाचं म्हणणं मग ब्रश फिरणार नाही. पुढच्या रविवारी परत जिलेबीचा रंग काढणार आहोत, या वेळी अगदी दोनच थेंब, मासे आत आहेत.